थंड चिमणीचा धूर

१

त्या शनिवारी मी सॉनातून बाहेर आले, टॉवेल गुंडाळून पायरीवर उभी राहिले, आणि समोर पाहते तर कागद गिरणीच्या चिमणीतून धूर निघत होता!

पांढराशुभ्र, जाडजूड, आभाळात चढणारा. हाडं फोडणारी थंडी होती. माझ्या उघड्या खांद्यांवरून वाफा निघत होत्या आणि मी आपली तोंड उघडं टाकून बघत राहिले.

गिरणी बंद पडून दहा-अकरा वर्षं झाली होती. माझ्या लहानपणी त्या चिमणीचा धूर कोस्किवारा गावावर कायम असायचा. गंधकाचा कुजका वास यायचा. बाहेरगावच्या पाहुण्यानं नाक मुरडलं की माझे वडील म्हणायचे, "पैशाचा वास आहे हा. छाती भरून घे." मग गिरणी गेली, वास गेला, पैसाही गेला. पुढं त्याच इमारतीत ती मोठी कंपनी आली. जगभरच्या लोकांचे फोटो नि पत्रं सांभाळणारे सर्व्हर तिनं आमच्या नदीकाठी आणून ठेवले.

माझ्यामागून हेल्वी बाहेर आली. हेल्वी तायपाले, तांपेरेची तपासनीस. कंपनीनं जगाला वचन दिलं होतं, या वर्षी आमचं कोस्किवारा केंद्र नेट झिरो होणार, म्हणजे हवेत जेवढा कार्बन सोडेल तेवढा परत काढून घेणार. ते खरं की खोटं हे ठरवायला ही बाई आली होती आणि हॉटेलातली सॉना विजेची आणि माझी लाकडांवरची, म्हणून माझ्याकडे उतरली होती.

"साइमी, ती चिमणी बंद आहे ना?"

"बंद? मेलेली आहे."

"मग मेलेला माणूस सिगारेट ओढतोय."

मला हसू येईना. सोमवारी दुपारी नगरभवनात हेल्वी सही करणार होती. सही झाली, की सर्व्हरांच्या उबेनं तापलेल्या पाण्याचा दुसरा पाइप कंपनी पूर्वेकडच्या, अजून लाकडांवर तापणाऱ्या घरांपर्यंत नेणार आणि आमचं पीटचं केंद्र कायमचं बंद होणार. दलदलीतली माती वाळवून जाळायची, तो काळा धंदा एकदाचा संपणार. गावाच्या उष्णता मंडळाची मी तेव्हा अध्यक्ष होते. पण माझं काय, मी म्हातारी. खरी पणाला लागली होती मार्युत. कंपनीची इथली मुख्य इंजिनियर, आमच्याच गावची पोर. भर सभेत ती बोलून बसली होती, "त्या चिमणीतून परत धूर निघाला, तर मी गाव सोडून जाईन."

आता अख्खं गाव खिडक्यांतून तो धूर पाहत होतं.

रविवारी सकाळी हेलसिंकीहून कंपनीचा वरिष्ठ अधिकारी क्लाउस ग्रॅनरूट येऊन धडकला. बूट न काढता थेट माझ्या स्वयंपाकघरात!

"शोधायची गरज नाही," तो म्हणाला. "मार्युतनंच जुना तेलाचा बॉयलर पेटवलाय."

२

"कशावरून?" हेल्वीनं विचारलं. तिच्या हातात कॉफीचा तिसरा कप होता.

"साधं आहे. थंडी वाढली, तिचे हीट पंप बंद पडले. गाव गारठलं तर नाचक्की. म्हणून गुपचूप तेल जाळलं."

"यंत्रांच्या नोंदी?"

"मागवल्यात. मुख्य कार्यालय परदेशात आहे, आठवडा लागेल. आपल्याकडे उद्या दुपारपर्यंतच वेळ आहे."

"मग माणसांनाच विचारू," हेल्वी म्हणाली आणि त्याच्या बुटांकडे पाहून पुढं बोलली, "आणि साइमीची फरशी पुसायचं फडकं त्या दारामागं असतं."

आम्ही तिघं केंद्रात गेलो. मार्युत आम्हाला यंत्रांच्या दालनातच भेटली. डोळे सुजलेले, पण पाठ ताठ. एरवी तिला त्या यंत्रांबद्दल विचारलं की पोर थांबायची नाही. डिझेलची जनित्रं काढून तिथं बॅटऱ्या कशा बसवल्या. वर्षाची गोळाबेरीज न करता तासातासाच्या वापराशी पवनचक्कीची वीज कशी जुळवायची. सर्व्हर तापले की ती ऊब पाण्यात उतरवून हीट पंपांनी आणखी वाढवायची नि गावाच्या रेडिएटरांत सोडायची. एवढं सगळं करून जो थोडा कार्बन उरेल, तेवढाच हवेतून काढून घेण्यासाठी खर्च करायचा. "आधी घर झाडायचं, मग उरलेली धूळ पुसायची," असं ती म्हणायची.

त्या दिवशी मात्र तोंडाला कुलूप.

"पंप बंद पडले होते?" हेल्वीनं विचारलं.

"एकही नाही."

"तेल जाळलंस?"

"नाही."

"मग चिमणीतून काय निघत होतं?"

मार्युत पंपावरच्या काट्याची काच पुसायला लागली.

"अगं बोल ना!" मला राहवेना. "तुझ्या आईच्या मांडीवर असल्यापासून ओळखते मी तुला. खोटं तुला येत नाही, मग खरं सांगायला काय होतंय?"

"साइमीमावशी, तू यात पडू नकोस."

"तुला माहीत आहे ना, काय झालं ते?" हेल्वीनं हळूच विचारलं.

मार्युतनं तिच्याकडे पाहिलं. मग गळ्यातला पास काढून क्लाउसच्या हातात दिला.

"मी बोलले होते, धूर निघाला तर जाईन म्हणून. उद्या सभेनंतर जाते," ती म्हणाली आणि आम्हाला तिथंच सोडून निघून गेली.

३

"गुन्हा कबूल!" क्लाउस म्हणाला.

"छे," हेल्वी म्हणाली. "गुन्हेगार इतक्या घाईनं कबूल होत नाही. ही कुणाला तरी पाठीशी घालतेय. बॉयलरची किल्ली कुणाकडे?"

किल्ली काउकोकडे होती. काउको गिरणीत बॉयलरवर होता, नि गिरणी गेल्यावर बॉयलरघराचं त्यानं छोटं संग्रहालय केलं होतं. तो बॉयलर पुन्हा एकदा पेटलेला बघून मग मरायचं, असं तो प्रत्येक लग्नात चार पेले झाल्यावर सांगायचा. मला तर त्याचाच संशय होता.

"आलात?" तो दारातच खेकसला. "मला वाटलंच, माझ्यावर येणार. येऊ द्या! गावातल्या पोरांनी सुद्धा काल शिट्ट्या वाजवल्या मला बघून."

"पेटवलास का रे?" मी विचारलं.

"साइमी, तुला शाळेत गणित येत नव्हतं ते ठीक, पण डोळे होते. ये, बघ."

त्यानं भट्टीचं लोखंडी दार ओढून उघडलं. मी वाकून पाहिलं आणि थक्क झाले. आत दोऱ्यांना कागदाचे पक्षी टांगले होते! शाळेच्या मुलांनी गिरणीच्या शेवटच्या कागदातून केलेले हंस, क्रौंच, घुबडं. दार उघडल्याच्या वाऱ्यानं ते भुर्रकन हलले. एकाच्याही पंखाला झळ लागली नव्हती.

क्लाउसचा चेहरा पडला. "मग दुसरीकडे कुठं तरी जाळलं असेल. चिमणीच्या बुडाशी."

"बुडाशी बघायचंय?" काउको म्हणाला. "बघा. पण सांभाळून. काल संध्याकाळपासून तिथं घसरायला होतंय."

चिमणीच्या तळाशी सफाईचं एक छोटं दार होतं. काउकोनं ते हातोड्यानं ठोकून उघडलं, कारण ते गोठून बसलं होतं. आत राख नव्हती. काजळी होती, पण जुनी, दगडासारखी घट्ट. आणि तिच्यावर बोटभर जाडीचा स्वच्छ बर्फ चढला होता.

हेल्वीनं त्या बर्फावरून बोट फिरवलं. तिचे डोळे असे चमकले की काय सांगू!

"साइमी, काल वारा कुठं वाहत होता?"

"लेंपीच्या घराकडे."

"चल, पळ!"

आयुष्यात मी शेवटचं धावले ते त्या दिवशी.

४

लेंपी माझी शेजारीण. तिच्या अंगणात तिच्या पांढऱ्या-निळ्या सतरंज्या बर्फावर पसरलेल्या होत्या. कडक थंडी पडली की आम्ही सतरंज्या कोरड्या बर्फावर टाकतो, झोडपतो नि तिथंच राहू देतो. धूळ बर्फात उतरते, किडे मरतात. लेंपीनं त्या शनिवारी दुपारीच टाकल्या होत्या.

"काय गं, माझ्या सतरंज्यांची पण तपासणी का?" लेंपी खिडकीतून ओरडली.

"काल चिमणी धुरावली तेव्हा उचलल्या नाहीस?" मी विचारलं.

"सॉनात होते. नंतर म्हटलं, आता काळ्या व्हायच्या त्या झाल्या असतील. सकाळी बघते तर झाल्याच नाहीत!"

हेल्वी गुडघ्यांवर बसली. सतरंजीवरची बर्फाची भुकटी तिनं ओंजळीत घेतली आणि सरळ तोंडात टाकली. क्लाउसनं डोळे मिटून घेतले.

"काजळी नाही. तेलाची चव नाही. काही नाही," ती म्हणाली. "आता वर बघा."

लेंपीच्या अंगणातली बर्चची झाडं पिंजलेल्या कापसासारखी दिसत होती. फांदीफांदीवर बोटभर हिमतुषार. पलीकडच्या, वाऱ्याबाहेरच्या झाडांवर मात्र नुसती पातळ साय.

"धूर नव्हताच तो," हेल्वी म्हणाली. "वाफ होती. दमट, गरम हवा या थंडीत बाहेर पडली की ढग होतो. आपण दोघी पायरीवर उभ्या होतो तेव्हा आपलाही होत होता."

"वाफ!" क्लाउस उडालाच. "फक्त वाफ! मग प्रश्नच मिटला! कुणी काही जाळलं नाही! आपण नेट झिरो!"

"मला तर आता जास्त भीती वाटायला लागलीय," हेल्वी म्हणाली.

"आता कसली?"

"एवढी वाफ म्हणजे सर्व्हरांची सगळी ऊब आभाळात गेली. गावानं ऊब घेतली नाही, तर सर्व्हर जळू नयेत म्हणून ती बाहेर टाकावी लागते. तुमच्या रचनेत ती वाट त्या जुन्या चिमणीतून काढलेली दिसतेय. उन्हाळ्यात तिथली वाफ दिसत नाही आणि कडक थंडीत ती वाट इतका वेळ कधी लागली नाही, म्हणून कुणाच्या लक्षात नाही. आता साइमी, तू सांग. काल सॉनानंतर तू घरात गेलीस, तेव्हा रेडिएटर कसा होता?"

"गरम. अगदी चटका बसेल असा."

"तीच तर गोम आहे. कंपनीची ऊब आभाळात गेली. मग तुझं घर कशानं तापलं होतं?"

मी वळून टेकडीकडे पाहिलं. सगळं गाव मोठ्या चिमणीकडे बघत होतं, तेव्हा टेकडीमागच्या बुटक्या धुराड्याकडे कुणीच पाहिलं नव्हतं. तिथं पीटचं केंद्र होतं. अडीअडचणीला असावी म्हणून तिथली आग नुसती धुमसत ठेवायची, असा माझ्याच मंडळाचा ठराव होता.

आणि तिथला प्रमुख होता आर्मास. मार्युतचा बाप.

५

आर्मासनं आम्हाला बसायला सांगितलं, कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला. बोलला नाही. आर्मास बोलत नसेच. त्याच्या लग्नात पाद्र्यानं प्रश्न विचारला तेव्हाही त्यानं नुसती मान हलवली होती, आणि पाद्र्यानं "आवाज येऊ दे" म्हणून दटावलं होतं.

हेल्वीनंही घाई केली नाही. अर्धा कप संपल्यावर म्हणाली, "काल कंपनीकडून येणाऱ्या पाण्याचा व्हॉल्व्ह तुम्ही बंद केलात आणि पीट पेटवलं."

त्यानं मान हलवली.

"आर्मास!" मी ओरडले. "अरे, का?"

त्यानं पावाची सुरी खाली ठेवली.

"गेल्या हिवाळ्यात पंप एक सकाळ बंद पडले होते," तो म्हणाला. "एकच सकाळ. इर्या वृद्धाश्रमात होती. मी भेटायला गेलो, तर ती अंगात कोट घालून पांघरुणात बसलेली. बोटं निळी. मला म्हणाली, तू असताना असं कधी झालं नव्हतं."

इर्या म्हणजे त्याची बायको, माझी मैत्रीण. वसंतात ती गेली. थंडीनं नाही, तिचं दुखणं जुनं होतं. पण ते वाक्य ह्याच्या काळजात रुतून बसलं होतं.

"शनिवारी अंदाज आला, पारा एकदम खाली जाणार. मी म्हटलं, परत नाही. मी असताना नाही."

"व्हॉल्व्हला हात लावण्याआधी पलीकडे फोन करायचा, असा नियम आहे ना?" हेल्वीनं विचारलं.

"आहे. रोज करतो."

"मग मार्युतला काल का नाही केलात?"

आर्मासनं तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिनं काहीतरी असभ्य विचारलं.

"शनिवारची संध्याकाळ. ती सॉनात असणार. सॉनातल्या माणसाला कुणी फोन करतं का?"

हेल्वीनं मान खाली घातली. तीही आमच्याच देशाची. कंपनीच्या जाडजूड नियमावलीत वादळ होतं, आग होती, भूकंपसुद्धा होता. शनिवारची सॉना तेवढी कुणाला सुचली नव्हती.

"नंतर करणार होतो," आर्मास म्हणाला. "तेवढ्यात ती चिमणी दिसली. सगळं गाव फोटो काढत होतं. मग फोन करायला तोंड राहिलं नाही. पण वाफच ती. पोरीला माहीत असणार, ती सांगेल सगळ्यांना."

"ती सांगणार नाही," हेल्वी म्हणाली. "वाफ म्हटलं की पुढचा प्रश्न येतो, ऊब कुणी अडवली? आणि त्याचं उत्तर तुम्ही आहात. तिनं सकाळी पास काढून दिला. उद्या सभेनंतर ती गाव सोडून चाललीय."

कॉफीचा कप आर्मासच्या हातातून सुटला. मी त्याला ओळखल्यापासून त्याच्या हातून काही पडलेलं पाहिलं नव्हतं.

६

सोमवारी नगरभवनात उभं राहायला जागा नव्हती. हेल्वीनं सगळं क्रमानं सांगितलं. कागदी पक्षी, चिमणीतला बर्फ, लेंपीच्या सतरंज्या, माझा तापलेला रेडिएटर. काउको प्रत्येक वाक्याला "बघा!" म्हणत होता. आर्मासचं नाव आलं तेव्हा मात्र काउकोनं टोपी काढून हातात घेतली.

क्लाउस उठला. माणूस हुशार होता, हे मान्य करायला हवं.

"म्हणजे कंपनीनं काहीच जाळलं नाही. पीट गावानं जाळलं, तो धूर गावाच्या खात्यात. आणि तरी कुणाच्या मनात किंतू असेल, तर तेवढा कार्बन शोषणारं जंगल आम्ही आज विकत घेतो. सही करा."

"गावाला ऊब दिली म्हणून पीट वाचलं, असं तुम्ही जगाला सांगता," हेल्वी म्हणाली. "वाचलेलं पीट तुमचं आणि जळलेलं गावाचं? बरं जमतं की तुम्हाला!"

लोक हसले. मार्युत हसली नाही. ती उभी राहिली.

"शनिवारी आम्ही नापास झालो," ती म्हणाली. "तसंच जाहीर करा. गेल्या वर्षी पंप बंद पडले, तेव्हा मी ते दुरुस्त केले, पण ज्यांना थंडी वाजली त्यांना जाऊन भेटले नाही. बाबांनी माझ्यावर विश्वास का ठेवावा?"

"मार्युत..." आर्मास शेवटच्या रांगेतून म्हणाला. सगळे वळले. तो भर सभेत बोलतोय, हे कुणी कधी पाहिलं नव्हतं. "तू कुठं जायचं नाहीस. जायचं तर मी जाईन."

"आज मी सही करत नाही," हेल्वीनं जाहीर केलं. "पुढच्या कडाक्याच्या थंडीत पीट विझलेलं असताना गाव उबदार राहिलं, तर करेन. शनिवारची नोंद मात्र तशीच राहील."

"कंपनी पुढच्या हिवाळ्यापर्यंत थांबणार नाही," क्लाउस म्हणाला. "पाइप दुसऱ्या गावाला जाईल."

"पुढचा हिवाळा कशाला?" आर्मास म्हणाला. "गुरुवारी परत पारा पडतोय. शनिवारपेक्षा खाली." त्यानं टोपी डोक्यावर ठेवली. "मी जातो. विझवायला वेळ लागतो."

"आर्मास, पूर्ण विझवलंस तर पुन्हा पेटायला दोन दिवस लागतील!" मी म्हटलं. "गुरुवारी पंप बसले तर?"

तो दारात थांबला आणि लेकीकडे पाहिलं.

"बसतील का?"

"नाही," मार्युत म्हणाली.

तो गेला.

७

गुरुवार उजाडला तो काचेसारखा. झाडं तडतडत होती, नाकातला श्वास गोठत होता. टेकडीमागचं धुराडं आयुष्यात पहिल्यांदा मला स्वच्छ दिसलं. त्याच्यावर निव्वळ निळं आभाळ होतं.

आणि गावात काय धांदल! जो तो रेडिएटरवर हात ठेवून बसलेला. लेंपी दर थोड्या वेळानं भिंतीवर ठोकायची, "तुझा गरम आहे का गं?" मी उलट ठोकायची, "आहे!" काउको तर अर्धी सकाळ चिमणीखाली मान वर करून उभा होता. वर काहीही नव्हतं. मार्युत पहाटेपासून पंपांजवळ, हेल्वी तिच्याशेजारी. क्लाउससुद्धा परत गेला नव्हता. माझ्या स्वयंपाकघरात बूट काढून, नुसत्या मोज्यांनी बसून तो दर पाच मिनिटांनी रेडिएटर चाचपत होता, आणि खरं सांगते, त्याचा चेहरा आमच्याइतकाच लाल झाला होता.

आर्मास कुठं आहे, ते मला ठाऊक होतं. दुपारी मी वृद्धाश्रमात गेले. इर्याच्या जुन्या खोलीत आता त्यूनेबाई राहायची, गिरणीतली जुनी मुकादम, तोंडानं फटकळ. आर्मास तिच्या खाटेजवळ खुर्ची टाकून, रेडिएटरला हात लावून बसला होता. कोट अंगातच.

"कालपासून बसलाय हा," त्यूने मला म्हणाली. "न बोलता. मी मेलेय की काय, असं वाटायला लागलंय मला."

"थंडी वाजतेय का?" आर्मासनं विचारलं.

"चौदाव्यांदा विचारतोयस."

"पण वाजतेय का?"

"अरे बाबा, घाम फुटलाय मला!" त्यूनेनं अंगावरचा लोकरी स्वेटर ओढून काढला आणि त्याच्या मांडीवर फेकला. "खिडकी उघड ती! गुदमरवून मारणार आहात का म्हाताऱ्या माणसाला?"

आर्मास त्या स्वेटरकडे बघत राहिला. बाहेर उणे चौतीस होतं. मग तो उठला, खिडकीची कडी काढली, दोन बोटं फट ठेवली, आणि कोट काढून खुंटीला अडकवला. खिशातून फोन काढून त्यानं नंबर लावला.

पलीकडून मार्युतचा ताणलेला आवाज मलाही ऐकू आला. "बाबा? काय झालं? गार पडलं का?"

आर्मास हसला. मी त्याला चाळीस वर्षं ओळखत होते, हसताना प्रथमच पाहत होते.

"जरा कमी कर गं, पोरी," तो म्हणाला. "उकडतंय इथं."